प्रयोगशाळेतली मेरेरिड

१४ फेब्रुवारी १९७९
ती. इडवलमामांस मेरेरिडचा सा. न. वि. वि.

घडलं ते असं:
१. रविवारी तुमच्याकडे जेवताना मी म्हणाले, कारखान्यातली जुनी भट्टी आता थकली आहे.
२. काल फाटकावर ‘विधानसभा नको’वाल्यांनी पत्रक वाटलं. त्यात छापलंय की प्रयोगशाळेतली मेरेरिड सांगते, कार्डिफला वेल्सची वेगळी विधानसभा आली की भट्टी विझलीच.
३. आज साहेबांनी बोलावलं. आतली माहिती बाहेर दिली म्हणून येत्या बुधवारी माझी चौकशी आहे. नोकरी जाऊ शकते.

कार्डिफचं नाव मी काढलं नव्हतं. टेबलाशी आपण तिघंच होतो, आणि मामी पत्रकं लिहीत नाही. तिचा खोकला कसा आहे?

मेरेरिड

१६ फेब्रुवारी
चि. मेरेरिडला अ. उ. आ.

बाई गं, हे पत्र आहे की पोलिसाचा पंचनामा? खोकला बरा आहे. वाक्य माझं. पण तुला त्रास नको म्हणून आडनाव मुद्दाम गाळलं! आणि चुकीचं काय लिहिलं? कार्डिफवाले खुर्च्या उबवणार, उत्तरेकडचे वेल्श बोलणारे हुकूम सोडणार, आपल्या खोऱ्याच्या वाट्याला धूळ. आपल्याला न विचारता आपल्या नावाने बोलतील ते. खरं सांग, एक मार्चच्या मतदानात विधानसभेला ‘हो’ म्हणायला ‘हो’वाल्यांचा तो दाढीवाला मास्तर तुला शिकवतोय ना? साहेबांचे कानही त्यानेच भरले असतील. चौकशीत गप्प बस, सगळं निवतं. मामीने केक राखून ठेवलाय. आमची माया पत्रकाने आटायची नाही.

इडवल

१७ फेब्रुवारी
ती. मामांस सा. न.

मास्तरांशी मी नाताळानंतर बोललेले नाही. माझं मत ‘हो’ की ‘नको’, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही.

आपल्याकडे प्राइस आडनावाचे गल्लोगल्ली आहेत. म्हणून तर तुम्ही कौन्सिलातले इडवल, तो पाववाला डाय आणि मी प्रयोगशाळेतली मेरेरिड. नुसतं प्राइस छापलं असतंत, तर मी वाचले असते.

न विचारता आपल्या नावाने कुणी बोलेल, ही तुमची भीती मला आता पटते. माझ्या नावाने बोलून झालंय, आणि विधानसभा अजून आलेलीही नाही.

बुधवारी साहेब विचारतील, वाक्य कुणाचं. मी गप्प बसणार नाही. ते तुमचं आहे, माझं नाही, एवढं सही करून द्या. नाही दिलंत तर नाव मी सांगेन. मग रविवारी जेवायला बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मंगळवार, वीस तारखेपर्यंत उत्तर पाठवावं.

मेरेरिड