झाकणावरची रेघ

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

ती. बाबांस,

सा. नमस्कार. मी बरी आहे. खोलीतला नळ अजून गळतो, घरमालकीणबाई म्हणतात, "गळती थांबवायचा पगार घेतेस ना, मग बघ की!" आईचा गुडघा कसा आहे?

एकाच कारखान्यात असूनही तिथे ओळख दाखवायची नाही असं आपलं ठरलंय, म्हणून लिहितेय.

लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीचं माझं झाकण आठवडाभर चाचणीला आहे. मशीन ठरलेल्या जोराने झाकण पिळतं, मग लाल पाण्याच्या बारा बाटल्या टीपकागदावर आडव्या ठेवतात. सकाळी कागद कोराच्या कोरा. साहेब खूश. मोठ्या डिझायनरबाई मात्र म्हणाल्या, "काय गं, तुझ्या झाकणांना साधा घामही फुटत नाही?"

मला राग आला. पण त्याच खेपेतली एक बाटली मी पिशवीतून खोलीवर नेली होती, तिने माझी वही लाल केली.

आधी बाईंवरच संशय आला. मला तोंडघशी पाडायला त्याच कागद बदलत असतील. मग रखवालदाराकडे तिरकं पाहिलं. बिचारा चहा घेणार का विचारत होता. शेवटी काल बाराही बाटल्यांवर, झाकणापासून मानेपर्यंत, पेन्सिलीची बारीक उभी रेघ ओढली. साखरेच्या बरणीवर तुम्ही ओढायचात तशीच. शाळेत जायच्या आधी मी एवढंच शिकले होते: हात लावला की रेघ सांगते.

आज सकाळी बाराही रेघा तुटलेल्या. झाकणं घट्ट व्हायच्या दिशेने काडीभर सरकलेली, सगळी सारखीच. इतका सारखा हात मी एकाचाच पाहिलाय. दुपारपाळीला चाचणीखोलीची किल्ली कोणाकडे असते, ते लिहीत नाही.

पोरीचं पहिलं काम आहे, म्हणून ना? पण बाबा, औषध भरणाऱ्या मशीनला तुमची बोटं नाहीत. परवा अहवालावर माझी सही झाली की साचा पोलादात कोरला जाईल. मग कुणाच्या तरी तापलेल्या मुलाचं औषध पिशवीतच सांडेल. झाकणाच्या आतली, गळती अडवणारी कडी मी बारीक ठेवली, चूक माझी आहे. ती सुधारता येईल, पण आधी दिसायला तर हवी.

गेल्या आठवड्याचं साहेबांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?

हे पत्र आजच्या बाटल्यांखाली, टीपकागदावर पसरून ठेवतेय. शाईच्या पेनने लिहिलंय, मुद्दाम, पाणी लागलं की अक्षर पसरतं. वाचून झालं की पुन्हा तिथेच ठेवा. झाकणांवर नव्या रेघा आहेत. त्या सरकल्या, तर अहवालात कारण लिहावं लागेल, आणि मला खोटं लिहिता येत नाही. तेही तुमच्याकडूनच आलंय.

उद्या सकाळी यातलं एक अक्षरही मला वाचता येऊ नये, एवढंच मागते.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
तुमची मुलगी