दोन इंच फोम

मंगळवार, सात तारीख
दुकानात, दुपारी तीन वाजता

जावईबुवांना सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तुमची खुशाली कळवा. हे वाक्य हाताला इतकं बसलंय की पेन टेकवलं आणि लिहूनच गेलं. खोडत नाही, पण ते खरं धरू नका.

पत्र बघून दचकला असाल. फोन का नाही केला म्हणाल. अहो, गेल्या महिन्यात तीनदा केला की! तिन्ही वेळा ‘जेवलात का?’ एवढं विचारून ठेवून दिला. फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते. कागदावर निदान पळून जाता येत नाही, दुकानात बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर मीच बसलोय.

आधी ठमीचं सांगतो, कारण तुम्ही तेच शोधत असाल. पायाचं प्लास्टर येत्या सोमवारी निघेल. हनुवटीचे टाके सुकलेत, बारीक रेघ राहिलीय, ती फक्त हसली की दिसते. प्लास्टरवर तिने रंगीत पेनांनी अख्खं घर काढलंय. त्यात मीही आहे. मला भल्यामोठ्या मिशा आहेत, पण कान नाहीत. विचारलं, ‘ठमे, आजोबांचे कान कुठे गेले?’ तर म्हणते, ‘तू ऐकतच नाहीस कुणाचं.’ चार वर्षांची पोर!

बबी बरी आहे. म्हणजे ऑफिसचं काम इथूनच करते, ठमीचं सगळं करते, मला गोळ्यांची आठवण करते. तुमचं नाव निघालं की कपड्यांच्या घड्या घालायला लागते. घड्या असतील तर मोडून पुन्हा घालते. जेवण पाखरासारखं. लेक माझी असली तरी तिला काही विचारायची माझी छाती होत नाही.

दुकान चालू आहे. गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॅनची लांब सीट कामाला आली. उसवून बघतो तर काय, पोरांचे पट्टे सगळे आत कोंबलेले आणि वरून कव्हर चढवलेलं. शिवण ओळखीची वाटली. माझीच होती, तीन वर्षांपूर्वीची. ड्रायव्हरला तेव्हा पट्ट्यांची अडचण व्हायची, आणि मी चकार शब्द न काढता ते झाकून दिले होते. या वेळी आठच्या आठ पट्टे बाहेर काढले आणि त्यांच्यासाठी कव्हरला नीट काजं ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, आता काय झालं?’ म्हटलं, ‘अक्कल आली.’ तो हसला. मी नाही हसलो.

आता ज्यासाठी बसलोय तिकडे येतो. बघा, दीड पान झालं आणि मी अजून व्हॅनमध्येच आहे.

काल ठमी स्वयंपाकघरात बाहुलीला घेऊन खेळत होती. दुकानातल्या पट्टीचा तुकडा घेऊन तिने बाहुलीला छोट्या खुर्चीत बांधलं, खांद्यापाशी ओढलं, मग दोन बोटांनी पट्टीला चिमटा घेऊन बघितला. ‘चिमटीत येत नाही. निघा!’ अगदी तुमच्या आवाजात. तुम्ही दर वेळी गाडीत तिला बसवून हेच करायचात, पट्टा चिमटीत आला तर सैल, नाही आला तर घट्ट, आणि मी पायरीवर उभा राहून हसायचो. मनात म्हणायचो, पोरीला गावाला न्यायचंय की आकाशात सोडायचंय?

मग ती थांबली. बाहुलीकडे बघून म्हणाली, ‘पण बाबांचा सैलच होता ना, म्हणून माझा पाय मोडला. आता आईच लावेल.’ रागाने नाही हो. दुधात साखर नाही, असं सांगावं तितक्या सहज. बबी पलीकडच्या खोलीत होती, तिने ऐकलं. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो, मीही ऐकलं. चहा मोरीत ओतला आणि दुकानात येऊन बसलो.

जावईबुवा, पट्टा सैल नव्हता. तुम्ही घट्टच लावला होता.

त्या रविवारची दुपार आठवा. तुम्ही तिघं शनिवारी आलात. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर फाटलं होतं, मी म्हटलं शिवून देतो. तुम्ही ठमीची बैठक, म्हणजे गाडीतली ती पट्ट्यांची लहान खुर्ची, मागच्या सीटवरून सोडवून माझ्या दुकानात आणून ठेवलीत. जेवताना ठमी म्हणाली, ‘आजोबा, तिथे मला खाली टोचतं.’ मी म्हटलं, त्यात काय, थोडा फोम घालून देतो. तुम्ही म्हणालात, ‘नको. त्यात वरचं काही घालायचं नाही, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. जाड कोट घालूनसुद्धा पट्टा लावायचा नाही.’ मी म्हटलं, मग ही काढाच ना, आता मोठी झाली, तिला ते नुसतं उंच करणारं बूस्टर द्या. तर म्हणालात, ‘या पट्ट्यांत मावतेय तोवर यातच बसवायचं. बूस्टर त्यानंतर.’

तुम्ही लोकांना चष्मे लावता, बारीक अक्षरं वाचायची तुमची सवय. बोललात तेही आवाज न चढवता. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षं सीटा शिवतोय, आणि मला पुस्तिका शिकवणार? बबीला आम्ही पुढच्या सीटवर मांडीत घेऊन गावोगाव हिंडलो, काय झालं तिला? हे सगळं मी पानाकडे बघत मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, ‘बरं.’

दुपारी तुम्ही सगळे आडवे झालात. मी दुकानात आलो. बैठकीचं कव्हर पाठीकडून उसवलं, पाठीला आणि बुडाला दोन इंची मऊ फोम घातला आणि पुन्हा शिवलं. जुन्याच भोकांतून, टाक्यावर टाका. शिवून झाल्यावर स्वतःच उलटीसुलटी करून बघितली, कुठे उसवलंय ते मलाही सापडेना. खूश झालो. खोटं कशाला सांगू, फार खूश झालो. संध्याकाळी ठमी बसली आणि म्हणाली, ‘आता टोचत नाही!’ मी तुमच्याकडे बघून मिशीत हसलो. तुम्हाला वाटलं नातीचं कौतुक.

तुम्ही पट्टा ओढलात, चिमटा घेऊन बघितलात. मी समोर उभा होतो. चिमटीत आला नाही. येणार कसा? फुगलेल्या फोमवर तो ताणून बसला होता. पण फोम म्हणजे काय हे जगात कुणाला कळत नसेल तरी मला कळायला हवं. जोर आला की तो बसतो. दोन इंचांचा अर्धा इंच होतो. पुढचा ट्रक अचानक थांबला, तुम्ही ब्रेक दाबलात, गाडी आदळली, आणि जेवढा फोम दबला तेवढी माझी पोर पट्ट्यातून पुढे गेली. पाय पुढच्या सीटवर आपटला. हनुवटीही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पट्टा घट्ट होता का? घट्ट असता तर एवढं लागत नाही सहसा.’ सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, ‘मी चिमटा घेऊन बघितला होता.’ मी पाण्याच्या नळापाशी होतो. मला त्याच मिनिटाला कळलं, जावईबुवा. नंतर नाही. त्याच मिनिटाला.

दुसऱ्या दिवशी ‘गॅरेजमधून सामान मी आणतो, तुम्ही पोरीपाशी थांबा’ असं मी म्हणालो. बबीने माझे आभार मानले. मी बैठक थेट दुकानात आणली, दार लावून उसवली आणि फोम काढून पुन्हा शिवली. कुणी तपासली असती तरी काही सापडलं नसतं. माझी शिवण चांगली आहे.

त्यानंतर बबी ठमीला घेऊन इकडे आली. तुम्ही दोनदा आलात. दुसऱ्या वेळी तिने तुम्हाला आत घेतलं नाही. दारातच विचारलं, ‘घट्ट होता तर ती पुढे कशी गेली?’ तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघितलंत. मग म्हणालात, ‘असेल. माझ्याकडूनच राहिला असेल सैल.’ ज्या माणसाने दर वेळी चिमटा घेऊन बघितला त्याचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडाला, आणि मी खिडकीच्या पडद्यामागे मूग गिळून उभा. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. चार पावलं होती. अपघाताला पाच आठवडे झाले, ती चार पावलं मला अजून टाकता आलेली नाहीत.

का नाही टाकली? बबीला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, ही भीती. ती इथे राहतेय, ठमी दिवसभर घरात आहे, आणि मला ते आवडत होतं, हेही. तुमचं घर मोडत होतं आणि माझं भरलं होतं. एवढा हलका माणूस आहे मी.

फोम टाकलेला नाही. मशीनच्या खालच्या खणात आहे. वाटलं होतं हे पत्र पाठवावं, तुम्ही बबीला दाखवावं, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. लिहिता लिहिता ध्यानात आलं की हेही पडद्यामागे उभं राहणंच झालं. म्हणून पत्र आज टाकत नाही.


गुरुवार, नऊ तारीख

काल सकाळी बबीला दुकानात बोलावलं आणि वरचं सगळं वाचायला दिलं. मी मशीनचं चाक धरून बसलो होतो.

वाचून झाल्यावर तिने खण उघडला, फोम काढला आणि तळव्याने दाबला. पार खाली जाईपर्यंत दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

‘तुम्हाला दवाखान्यातच कळलं होतं?’

‘हो.’

‘मी त्याला दारात उभं ठेवलं तेव्हा तुम्ही घरात होतात.’

‘खिडकीपाशी होतो.’

‘तो काय म्हणाला ते ऐकलंत?’

‘ऐकलं.’

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘पायाचं झालं ते झालं, बाबा. चूक होते माणसाकडून. पण मी पाच आठवडे रोज तुमच्यासमोर बसून त्याला नावं ठेवत होते, आणि तुम्ही मला ठेवू दिलीत.’

मग मी मोठी कात्री घेतली आणि तिच्यादेखत त्या बैठकीचे पट्टे कापले. धडक बसलेली बैठक वरून चांगली दिसली तरी पुन्हा वापरायची नाही, कुणाला द्यायचीही नाही, हे तुमच्या पुस्तिकेत आहे. गाडीच्या खणातून तीही आणली होती. आता मला पाठ आहे, व्हायला हवी होती त्याच्या पाच आठवडे उशिरा.

बबी उद्या सकाळच्या ट्रेनने ठमीला घेऊन तुमच्याकडे निघतेय. प्लास्टर तिकडेच काढेल. हे पत्र तीच आणेल, फोम तिने स्वतःच्या बॅगेत घातलाय. ती दारात आली की लगेच आत घेऊ नका असं कुणी म्हणेल, मी म्हणत नाही. लगेच घ्या. तिचा यात काडीचाही दोष नाही, तिने बापावर विश्वास ठेवला एवढंच.

ठमीला मात्र मी स्वतः सांगितलं. आज दुपारी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, ‘ठमे, बाबांनी पट्टा घट्ट लावला होता. आजोबांनी आत मऊ मऊ घातलं, त्याने तो सैल झाला. बाबा नाही चुकले. मी चुकलो.’ तिने बाहुली उचलून मांडीवर घेतली. मग बाहुलीला सांगितलं, ‘ऐकलंस? बाबा नाही.’ आणि मला म्हणाली, ‘मग तू कोपऱ्यात उभा राहा. तोंड भिंतीकडे.’

राहिलो. थोड्या वेळाने ती चित्रं काढायला लागली. मी उभाच होतो. सामान भरता भरता बबी आत आली, थबकली. ‘हे काय?’

‘आजोबांना शिक्षा आहे,’ ठमी म्हणाली.

बबीने हातातल्या कपड्याची घडी घातली. मग म्हणाली, ‘असू दे.’ आणि निघून गेली.

गुडघे भरून आले तेव्हा मी विचारलं, ‘ठमे, किती वेळ गं?’ तर म्हणाली, ‘मला नाही माहीत. बाबांना विचारून सांगते.’

तेव्हा ती विचारेल तुम्हाला. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. घाई नाही. नवी बैठक घ्याल तेव्हा तिला माझा हात लागणार नाही, हा माझा शब्द. आणि कधी काळी पुन्हा माझ्या दारातून ठमीला गाडीत बसवाल, तेव्हा मी पायरीवर उभा राहून बघेन. या वेळी हसणार नाही.

तोवर भिंतीकडे तोंड करून,
तुमचा सासरा