खोलीतला लाल फडक्याचा नारळ

यांगोन,
पाण्याचा सण उलटल्यानंतरचा रविवार

आदरणीय पुरिंग मावशीस,
तुझा हात माझ्या कपाळाला लावून नेस्तोरचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? तुझा तो कोंबडा अजून पोस्टमनच्या अंगावर जातो का? मी खुशाल आहे, म्हणजे जिवंत आहे. बाकीचं जेवण उरकून वाच.

इथं जो तो म्हणतो, देश उघडला. उघडला खरा, पण आमच्यासारख्या परदेशी कामगारांना हवं ते सोडून सगळं उघडलंय. ज्या हॉटेलात मी फरशा बसवतो त्याच्यासमोर नवा मॉल झालाय. तिथं परदेशी चीज मिळतं, सरकता जिना आहे (त्यावर पहिलं पाऊल टाकायला बायका देवाचं नाव घेतात), पण सुका मासा म्हणशील तर नाही. डॉलर कोरा करकरीत लागतो. जरा घडी दिसली की दुकानदार नोट चिमटीत धरून परत करतो, जसं काही मी तिला नाक पुसलंय. म्हणून आम्ही नोटा बायबलात दाबून ठेवतो. माझं बायबल जन्मात एवढं उघडलं गेलं नव्हतं.

तर पाण्याचा सण आला आणि सगळं शहर बंद. हा सण म्हणजे रस्त्यावर बादल्या आणि दुकानांना कुलपं. जुने परदेशी आधीच भरून ठेवतात, मी ठेवलं नाही. घरमालकीण दॉ म्या सणासाठी मठात गेलेली. घरात भात, मिरच्या आणि तू पाठवलेला सुका मासा. आणि माझ्या नव्या खोलीच्या खांबाला, लाल फडक्यात, एक नारळ. मला वाटलं, नव्या भाडेकरूला भेट! (मॉलमध्ये साबणसुद्धा लाल फीत बांधून देतात.) फोडला, पाणी प्यालो, नारळाच्या दुधात मासा आणि मिरच्या शिजवल्या. तुझ्या हातची चव, मावशी. डोळे भरून आले, निम्मे मिरचीने.

दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी परत केलेल्या, उशीखालच्या चुरगळलेल्या नोटा सापडल्या त्या इस्त्री केलेल्या. आणि गरम. मी खूश झालो, कबूल करतो. मग सावलीतल्या बादलीतलं पाणी हाताला चटका देऊ लागलं. खोलीत लोहाराच्या भट्टीचा वास येऊ लागला. मानेवर कुणाचा तरी गरम श्वास लागे. वळलं की कुणी नाही, आणि श्वास पुन्हा मागेच.

दॉ म्या परतली आणि तिने आधी खांबाकडे बघितलं.
“राखणदार कुठाय?”
“कोण?”
“नारळ, मेल्या, नारळ!”
“तो... खाल्ला, काकू.”
“सगळा?”
“तुमच्यासाठी ठेवणार होतो, पण वीज गेली होती.”

ती हसली नाही. घराचा राखणदार म्हणजे एक लोहार. राजाने त्याला झाडाला बांधून जिवंत जाळलं. नारळाचं पाणी त्याच्या भाजलेल्या अंगाला गारवा देतं, म्हणून घराघरात टांगतात. “तू त्याचं औषध प्यायलास,” ती म्हणाली. “त्याला शांत कर, नाहीतर सामान उचल.” आणि परक्याला खोली देणारं दुसरं घर मला इथं ठाऊक नाही.

मॉलमधून नारळ आणला, सोललेला, प्लास्टिकमध्ये, नळीसकट. दॉ म्या ओरडली, “हा बोडका काय आणलास? देठ कुठाय?” मग बाजारात गेलो. कशासाठी हवाय ते ऐकून नारळवाली घासाघीस करायचीच विसरली. माझी नोट तिने घेतली आणि चटकन खाली टाकली, बोटं तोंडात घातली. म्हणाली, “नारळ तसाच घेऊन जा.” या देशात माझी कोरी नोट कुणी पहिल्यांदाच नाकारली.

नारळ टांगला. दॉ म्याने कानाशी हलवून पाणी ऐकलं होतं. सकाळी तो खडखडीत कोरडा. चीर नाही, भोक नाही. दुसरा टांगला, तोही तसाच. तिसऱ्याला तर मी समोर बसून राहिलो आणि मावशी, आतून घोट घेतल्याचा आवाज आला. दॉ म्या म्हणाली, “आता त्याला माझ्या घराचं पाणी पुरायचं नाही. तो तुझ्या मागं लागलाय, पोरा. कुठं नेणारेस त्याला?”

तेव्हा मी त्याच्याशी बसून नीट बोललो. काय बोललो ते जाऊ दे. आता खोली गार आहे, नारळात पाणी टिकतं आणि खोली माझीच राहिली. चिंता करू नकोस.

तुझा लाडका,
नेस्तोर

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या रेनातोला आधी पाणी विचार. विमानतळावर जायला तो दारात उभा आहे आणि आत्ताच त्याला फार तहान लागली आहे.

ता. क. तुझ्या घरामागं एवढे माड आहेत, पडलेले नारळ डुकरं खातात. एका भाजलेल्या माणसाला त्यातलं थोडं पाणी जड आहे का? मी आपलं तुझं नाव सुचवलं. हे पत्र लिहायला घेतलं तशी खोली थंड होत गेली आणि कागद गरम.

ता. क. तर पाकीट फोडायच्या आधी खांबाला देठासकट नारळ टांग, लाल फडकं बांधून. (हे वरच लिहायला हवं होतं. पण मग तू पाकीट फोडलंच नसतंस.)