एकीनं वाचायचं, एकीनं करायचं

४ मार्च, सोमवार

वन्सं आजही बोलली नाही. सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. ती वरच्या आकड्यांकडे बघत उभी, मी तिच्या बुटांकडे. पाचव्या मजल्यापर्यंत तोंडात मिठाची गुळणी! दार उघडलं तशी ताडताड पुढे निघून गेली.

कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हा ती नुसती मैत्रीण होती. मग तिच्या दादाशी लग्न केलं आणि थट्टेनं तिला ‘वन्सं’ म्हणायला लागले. ती मला ‘वहिनीसाहेब’. नावं चिकटली ती चिकटलीच. तिचा दादा जाऊन चार वर्षं झाली. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, माझ्याकडेच राहतात, वन्सं माझ्याच ऑफिसात. ती नसती तर या चार वर्षांत मी कुठल्या कुठे वाहून गेले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

मग बिनसलं कुठे? गुरुवारी मीच तिला सांगितलं — मास्तर आणि मी पुढच्या महिन्यात नोंदणी करून लग्न करतोय. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मिठी मारली तिनं! ‘एवढं लपवलंस, भवाने!’ म्हणाली. डोळे पुसले. शनिवारी आईंना भेटायला घरी आली, मी बाजारात होते. परत येते तो ही निघून गेलेली. तेव्हापासून हा अबोला. फोन उचलत नाही, टेबलाशी गेले की हिला लगेच बाहेर काम निघतं.

भिंतीवर तिच्या दादाचा फोटो आहे. तो बघितला असणार आणि भाऊ आठवला असणार. कँटीनमध्ये मिठी मारणं वेगळं आणि भावाच्या जागी दुसरा माणूस येणं वेगळं. मला कळतं ते. पण बोल ना बाई! भांड, शिव्या दे. हे असं काय!

आणि आजच सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला बिघडायला मुहूर्त सापडला. बसच्या वेळा त्या कार्डातून बाहेर जातात, शहरभरच्या थांब्यांवरच्या फलकांना. दिवसभर फलक मधूनच कोरे, मधूनच चालू. चौकशीच्या खिडकीवरची बाई वैतागली — ‘लोक मला विचारतात बस कुठे आहे, मी काय खिशात घालून बसलेय?’

५ मार्च, मंगळवार

साहेबांनी मंजुरी दिली. रविवारी दुपारी, जेवणाच्या वेळेनंतर, बस कमी असतात तेव्हा. कार्ड बदलायचं. नियमाप्रमाणे दोन माणसं हवीत. सर्व्हरच्या खोलीत जायची परवानगी असलेली दोनच माणसं आहेत. मी आणि वन्सं. देवा!

६ मार्च, बुधवार

नवं कार्ड आलं. चकचकीत पिशवीत, तळहाताएवढं. पिशवीबाहेर काढलं नाही, नुसतं उलटंसुलटं करून बघितलं. वन्संच्या टेबलावर नेऊन ठेवलं, तिनं नोंद करायची असते. तिनं नोंद केली, कार्ड उचललं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी समोर बसलेली! हातात द्यायला काय झालं होतं?

नोंद करताना सहीखाली तिनं ‘अभियंता क्र. २’ लिहिलं. मी कायम ‘क्र. १’ लिहिते, ती मला त्यावरून चिडवते — थोरली म्हणून मान! आज चिडवलं नाही. किती साधी गोष्ट!

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होते. लग्न झाल्यावर मी तिची कोण? वहिनी नाही. मैत्रीण — ती तर आधी होतेच. पण मधली वीस वर्षं कुठे ठेवायची? तिच्या बाळंतपणात मी दवाखान्यात बसून होते. माझा नवरा गेला तेव्हा ती स्वतः भाऊ गमावून बसली होती, तरी मला जेवायला तिनं घातलं. मास्तरांबद्दल मनात किंतु नाही. भीती आहे ती एवढीच, की एक सही करीन आणि वन्सं हातची जाईल.

८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी मास्तर भेटले. रात्रशाळेत गणित शिकवतात, त्यामुळे भांडणसुद्धा ‘समजा’नं सुरू करतात. ‘समजा, ती फोटोमुळे रागावलेलीच नसेल तर? तिला सरळ विचार की.’

मी फटकन म्हटलं, ‘आमच्या घरातलं तुम्हाला काय कळणार?’

त्यांनी माझी पिशवी घेतली आणि थांब्यापर्यंत चालत आले. थांब्यावरचा फलक कोरा. ‘हे तुझंच काम ना?’ एवढंच म्हणाले. मला हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. ‘आमच्या घरातलं’ म्हणे! मग ते कुठल्या घरात येणार आहेत?

माणूस फार चांगला आहे. मीच फाटक्या तोंडाची.

९ मार्च, शनिवार

आईंचं कपाट आवरायला काढलं. लग्नानंतर आई वन्संकडे जाणार. तिच्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. शिवाय पोटची मुलगी. सगळं सोयीचं. अबोला असला तरी त्यावर काही परिणाम व्हायला नको, म्हणून म्हटलं हळूहळू बांधाबांध करावी.

आई खुर्चीत शब्दकोडं सोडवत होत्या.

‘हा निळा स्वेटर न्यायचा ना, आई?’

‘ठेव तिथंच.’

‘आणि ही शाल?’

‘घाई काय आहे? घराला आग लागलीय का?’

मग मी धीर करून विचारलं, वन्सं का रुसलीय, तुम्हाला काही बोलली का? त्या दिवशी तुम्ही दोघीच होतात.

‘रुसू दे. लहानपणापासून तशीच आहे. चार दिवस गाल फुगवेल आणि येईल.’ पेन्सिल तोंडात घालून पुन्हा कोड्यात डोकं. ‘वाळवंटातलं झाड, चार अक्षरी. सांग.’

आईंना माझ्या लग्नाचं मी सगळ्यांत आधी सांगितलं होतं. तेव्हा म्हणाल्या, ‘त्याला नवा कोट शिवायला सांग, नाहीतर जुना घालून येईल.’ बाकी एक अक्षर नाही! या बाईच्या मनात काय चालतं याचा थांगपत्ता मला वीस वर्षांत लागलेला नाही.

उद्या रविवार. धास्ती वाटतेय. कार्डाची नाही.

१० मार्च, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

आमच्याकडची पद्धत अशी — एकीनं कागदावरची पायरी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं तीच म्हणून दाखवायची आणि मगच हात लावायचा. मागे एकानं घाईघाईत भलताच सर्व्हर बंद केला होता, तेव्हापासून ही शिस्त. थोडक्यात, वन्संला माझ्याशी बोलणं भाग होतं! सरकारी का होईना.

खोलीत पंख्यांचा घोंगाट. माणसाला सर्दी होईल एवढी थंडी. ती कागद घेऊन उभी, मी रॅकच्या मागे.

‘मागचा निळा दिवा लागलाय तोच सर्व्हर आहे ना, बघ.’

‘निळा दिवा बघते.’

‘दोन्ही वायरी काढ.’

‘दोन्ही वायरी काढते.’

‘मनगटाला पट्टा लाव.’

पट्टा नसला तर अंगातली वीज कार्डाला मारून टाकते. मी लावायची विसरले होते! वीस वर्षांत कधी विसरले नाही. तिनं माझ्या मनगटाकडे बघितलं, मी लावेपर्यंत थांबली, पण पुढची पायरी वाचण्याआधी घसा खाकरला. एरवी ‘वहिनीसाहेब, झोपेत का?’ असं आलं असतं.

मग तो आडवा पत्र्याचा डबा रुळांवरून पुढे ओढायचा. जड असतो, दोघींनी दोन बाजूंनी धरायचा. तिचा हात माझ्या हाताला लागला. गार पडला होता.

झाकण काढलं. धूळ बऱ्यापैकी. कार्ड ज्या चौकटीत उभं असतं ती चौकट वर उचलली. जुनं कार्ड काही केल्या सुटेना. मी जरा जोर लावला.

‘आडवं हलवू नकोस! सरळ वर घे.’

हे कागदावर नव्हतं. आम्हा दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. ती पुन्हा कागदात बघायला लागली. मी सरळ वर घेतलं. सुटलं.

नवं बसवलं. खट्‌ असा आवाज आला, बरं वाटलं. चौकट, झाकण, सर्व्हर आत, वायरी जागच्या जागी. चालू केलं. पंखे कोकलले आणि शांत झाले. सगळे दिवे हिरवे. मी म्हटलं, चला, सुटले.

फलक कोरे! शहरातले सगळेच्या सगळे! आधी निदान मधूनमधून तरी दिसत होतं. साहेबांचा फोन — ‘काय करताय काय तुम्ही?’ माझं धाबं दणाणलं. कार्ड काढून पुन्हा बसवावं का? जुनंच लावावं का?

मग डोक्यात लख्ख झालं. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच आपापला नंबर असतो. ज्या नेटवर्क-स्विचमधून वेळा पुढे बाहेर जातात त्याला आम्हीच सांगून ठेवलंय, की याच नंबराला आत घे, परक्याला दार उघडू नकोस. नवं कार्ड परकं. नवा नंबर मी शुक्रवारीच नोंदवायचा होता. विसरले! आठवडाभर डोकं ठिकाणावर कुठे होतं?

वन्संच्याही ते लक्षात आलं. म्हणाली, ‘नव्याला जुन्याचाच नंबर लावून टाक. स्विचला कळणारसुद्धा नाही.’

तसं करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. तिनं सांगितलं ते काही चूक नव्हतं. पण मला काय झालं कोण जाणे, मी एकदम भडकले. ‘नाही लावणार! जुना तो जुना होता, नवा तो नवा आहे. नव्यानं जन्मभर जुन्याचं सोंग घेऊन का राहायचं? त्याला त्याच्या नंबरानं आत घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर राहू दे दार बंद! मी कुणाला पुसून टाकायला निघालेली नाही!’

आवाज फुटला माझा. डोळ्यांत पाणी. हातात पट्ट्याची वायर लोंबतेय.

वन्सं म्हणाली, ‘मी कार्डाबद्दल बोलतेय.’

‘मी पण.’

‘बरं.’

आणि तिनं कागद बाजूला ठेवला, खुर्ची ओढली, स्वतःच स्विचच्या पडद्यासमोर बसली. ‘नंबर वाच.’

मी पिशवीवरचा नंबर वाचला. एकेक अक्षर, एकेक आकडा. ती म्हणून दाखवत टाइप करत गेली. मी वाचणारी, ती करणारी. जुना नंबर तिनं खोडला नाही, त्याच्यापुढे ‘निवृत्त’ असं लिहिलं. तसं लिहायची काही गरज नसते.

फलक लागले. पहिली बस दिसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी हसले. ती हसणार असं वाटलं, ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं. मग पिशवी खांद्याला लावली. दारात थांबली. ‘मला दादाचं काही वाटत नाही गं,’ म्हणाली, ‘ते डोक्यातून काढ.’ आणि गेली.

मग कशाचं वाटतंय?

११ मार्च, सोमवार

फलक बोलायला लागले. वन्सं नाही. साहेबांनी दोघींचं कौतुक केलं, दोघी दोन दिशांना बघत उभ्या.

१२ मार्च, मंगळवार

मास्तरांची माफी मागितली. ‘समजा, मी माफ केलं,’ म्हणाले. त्यांना सगळं सांगितलं, अगदी कार्डावर ओरडले तेसुद्धा. हसले नाहीत. म्हणाले, मग आता विचारणं आलंच. उद्या तिला गाठतेच. जिन्यात गाठीन, लिफ्टमध्ये गाठीन, पण बोलल्याशिवाय सोडायची नाही. तिच्यावाचून मला हे लग्न गोड लागायचं नाही.

१३ मार्च, बुधवार

गाठलं. वन्सं जिन्यातच रडली. लग्नाचा विषयच नव्हता! त्या शनिवारी आईंनी तिला सांगून टाकलं होतं — ‘मी तुझ्याकडे येणार नाही. मी सुनेबरोबरच राहणार.’ ‘पोटची मुलगी मी,’ म्हणाली, ‘खोली रंगवून घेतली होती तिच्यासाठी. तुम्ही दोघींनी परस्पर ठरवलंत!’

दोघींनी! मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कुठे राहायचंय, हे मी आईंना एका शब्दानं विचारलं नव्हतं. वन्संनंही नाही. कपाट मात्र मी आवरायला काढलं.

घरी आले ती चपलेसकट आईंसमोर उभी राहिले. म्हटलं, ‘खरं का हे?’

आईंनी कोड्यातून मान वर केली नाही. ‘मला काय विचारतेस? मास्तरांना विचार, सासू चालेल का म्हणावं.’