तुम्ही थांबू नका

राजिवडा, रत्नागिरी

प्रिय तेजल,

दीड वर्षात तुझा एकही फोन मी उचलला नाही, तुझ्या लग्नालाही आले नाही आणि आज आपणहून लिहायला बसले आहे. तुला वाटेल, या हुदाचा राग उतरला. उतरलेला नाही. तरी शेवटपर्यंत वाच.

तो मुंबईचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो, हीच तर पंचाईत आहे. माझी परीक्षा आदल्या दिवशी संपली होती, परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं होतं. सकाळी तुझ्या खोलीवर मी चहा गाळत होते आणि तुझा फोन वाजला. तू गॅलरीत जाऊन बोललीस. आत आलीस आणि म्हणालीस, "चल गो, तयार हो. आज तुला सगळी मुंबई दाखवते. आणि तुझा फोन इकडे दे. आज घर नाही, अभ्यास नाही, कुणी नाही." फोन बंद करून तू पर्समध्ये टाकलास. मला काय, गंमतच वाटली. लहानपणी तू पूल ओलांडून यायचीस आणि घरी न सांगता आपण भाट्याच्या वाळूत दिवस काढायचो, तशीच आज हिला लहर आली असेल म्हटलं.

राणीबागेत पेंग्विन बघून मी इतकी हसले की शेजारची पोरं पेंग्विन सोडून माझ्याकडे बघायला लागली. क्रॉफर्ड मार्केटात हातगाडीवाले ओरडत अंगावर येत होते आणि तू माझं मनगट घट्ट धरून चालत होतीस. मग दुमजली बस. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली, फोर्टातल्या इमारती हाताला लागतील इतक्या जवळून जात होत्या. मी तुला म्हटलं, असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता. तू माझा फोटो काढलास.

तुझा फोन सारखा वाजायचा आणि तू बाजूला जाऊन बोलायचीस. मी चिडवलं, "कोण गो तो? आम्हालाही दाखव की." तू हसलीस. तेजल, तुला तेव्हा हसता आलं.

आणि ते अत्तराचं दुकान. अब्बा जन्मभर तांडेल, होडीवर आणि मच्छीच्या वासात राहिलेला माणूस, पण जुम्म्याच्या नमाजाला खसचं अत्तर लावल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. मी त्यांच्यासाठी लहान बाटली उचलली. तू म्हणालीस, "मोठी घे ना, रोज कुठे येतेस?" वर दुकानदाराशी घासाघीसही केलीस.

स्टेशनवर गाडी हलायला लागली तेव्हा तू खिडकीतून माझा फोन माझ्या हातात दिलास. "घरी फोन कर," एवढंच म्हणालीस आणि मागे राहिलीस. फोन माझ्या भावाने, फुजैलने घेतला. अब्बा पहाटे नमाजासाठी हातपाय धुताना, वजू करतानाच कोसळले होते. मी फोन लावला तोवर त्यांना माती देऊन सगळे घरी परतलेही होते.

सकाळी तुला आलेला तो फोन फुजैलचाच होता. तो तुला म्हणाला होता, तिला सांभाळून सांग, गाडी करून पाठव, आम्ही दिवस मावळेपर्यंत, मगरिबपर्यंत थांबतो. मी पोचले असते. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, हे तुला ठाऊक आहे. चेहरा बघायचा तो घरातून उचलण्याआधी. तेवढाच. आणि तू फुजैलला कळवलंस, "गाडी मिळत नाही, तुम्ही थांबू नका." त्याला वाटलं, निरोप माझाच. चाळीसवं होईपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही. वाडीतल्या बायका अजून विचारतात, बाप गेला तेव्हा तू कुठे होतीस? काय सांगू? पेंग्विन बघत होते?

नंतर तू मेसेज केलास, तुझं हसतं तोंड बघून सांगवलं नाही, चाचांना तर परत आणता येणार नव्हतं, निदान तुला एक दिवस तरी मिळावा म्हणून. वर त्या दिवसाचे फोटो पाठवलेस. तो दिवस तू मला दिला नाहीस, तेजल. रडणाऱ्या हुदाला सोबत करायची तुला भीती वाटली, म्हणून तू हसरी हुदा दिवसभर फिरवलीस.

आता कशासाठी लिहिते आहे ते सांगते. तुझ्या आईला पित्ताचे खडे झालेत, असं तुझ्या भावाने, धम्मदीपने तुला सांगितलंय ना? ते खोटं आहे. काकींना कर्करोग आहे, यकृतापर्यंत गेलाय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुला सातवा लागलाय, म्हणून बाळंत होईपर्यंत कळवायचं नाही, असं त्याने ठरवलंय आणि मला शपथ घातली आहे. परवा मी भेटायला गेले होते. काकी म्हणाल्या, "तेजल बाळंतपणाला येईल तोवर मी उठून बसेन ना गो?" मी हो म्हटलं. खोटं बोलणं किती सोपं असतं ते तिथे कळलं, आणि तुझ्यावरचा राग आणखी वाढला. फोनवर सांगायला गेले असते तर तुझा आवाज ऐकून कदाचित माझ्यानेही सांगवलं नसतं, म्हणून हे पत्र. काकी अजून माणूस ओळखतात. बाळंतपणापर्यंत ओळखतील असं मला वाटत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, नवऱ्याला सोबत घे. तू आलीस तर मी समोर येणार नाही, माफीबिफी मागायला शोधूही नकोस. पण यायचं की नाही, हे तुझं तू ठरव. तुझ्या वतीने मी ते ठरवणार नाही.

तुझीच
(हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही)
हुदा