माणशी किती

१२ ऑगस्ट

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. तूही मजेत असशील, आणि नसलास तरी तसंच कळवशील, तेव्हा तेवढा मजकूर उरकला असं धरून चालू.

तुझा जाड लिफाफा पोचला. त्याविषयी पुढे लिहिते. आधी आपल्या व्हिडिओ गेमच्या क्लबच्या बातम्या, कारण तू गेल्यापासूनच्या सात महिन्यांत तुला त्या कुणी सांगितल्या नसणार. आई फोनवर जेवलास का एवढंच विचारते, आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन बाहेर जातात.

पहिली बातमी म्हणजे बाहेरचा हॉल भरतो. तासाला तीस रुपयेवाल्या आपल्या जुन्या यंत्रांवर हल्ली सकाळी अकरालाच माणसं येऊन बसतात. समोरच्या दवाखान्यातल्या दोन नर्स पाळी संपली की येतात आणि तासभर एकमेकींवर तोफा डागतात. शेजारच्या शिलाईच्या दुकानातली मावशी दुपारी कुलूप लावून येते, ठोकळे रचायचा खेळ खेळते आणि कापड बेतल्यासारखी बोटभर जागा वाया जाऊ देत नाही. शिवाय एक निवृत्त अँब्युलन्स ड्रायव्हर आहेत, त्यांना आम्ही सिग्नलकाका म्हणतो. मोटारींच्या शर्यतीत उतरतात, पण वाटेत लाल दिवा दिसला की गाडी थांबवतात. काका, खेळातले दिवे नुसते शोभेचे आहेत, असं मी त्यांना चारदा सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षं लाल दिवे तोडले, बाई. आता थांबायची हौस भागवून घेतोय." दर शर्यतीत शेवटचे येतात आणि खुशीत घरी जातात.

दुसरी बातमी म्हणजे आई. अकरा ते चार काउंटरवर आता ती बसते. तू बसवलेल्या यंत्रातून ती चिठ्ठी काढून देते खरी, नंबर, वेळ, विभाग, सगळं छापलेली; पण त्या चिठ्ठीवर तिचा विश्वास नाही. माणसाला नंबर द्यायला आपण काय दवाखाना काढलाय, असं तिचं म्हणणं. म्हणून शेजारी स्वतःची वही ठेवते आणि कोण आलं, कुठे बसलं, ते त्यात लिहिते. नाव विचारायचं तिला अवघड वाटतं, तर नावंही तीच ठेवते. हसरी नर्स. रागीट नर्स (ही दोघींतली जास्त प्रेमळ आहे, पण पहिल्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं). एक गृहस्थ आहेत, ते आपली पाळी येईपर्यंत खुर्चीतच डुलक्या घेतात. ते वहीत "जांभई". दुसऱ्या एकांचं नाव "सुनेशी भांडून आलेले". त्यांचं सुनेशी कधीच गोडीगुलाबीने जमलंय, परवा तर तिलाच घेऊन आले, पण वहीत नाव कायम. नमुन्याला चार पानांची नक्कल सोबत जोडली आहे.

आता जरा नीट बसून वाच, कारण पुढचं तुझ्या आवडीचं आहे.

तुझा तक्ता माझ्याकडे अजून आहे. हॉलमध्ये माणशी पंचेचाळीस रुपये, मधल्या खोलीत एकशेदहा, काचेच्या खोल्यांत तीनशे. त्यावरूनच तू म्हणालास की हॉल आपल्याला बुडवणार, मधली भिंत पाडू आणि तिथे आणखी चार काचेच्या खोल्या करू. गेल्या महिन्यात आईची वही चाळताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. यंत्र दर वेळी नवा नंबर देतं. म्हणजे सिग्नलकाका महिन्यात बारा वेळा आले की आपल्या लेखी ते बारा काका. दादा, आपण दोघं दीड वर्ष माणसं समजून खेपा मोजत होतो. क्लब काढणाऱ्या दोघा शहाण्यांनाच ही चूक जमली. आईला जमली नसती, कारण एकाच माणसाला बारा नावं शोधायचा तिला कंटाळा.

मग चार आठवडे मी चिठ्ठ्या आणि वही शेजारी शेजारी ठेवून बसले. हॉलमध्ये खेपा सातशे चव्वेचाळीस, माणसं बासष्ट. खेपेला पंचेचाळीसच, तुझा आकडा जागचा हलला नाही. पण माणशी महिन्याला पाचशे चाळीस. मधल्या खोलीत माणशी तीनशे तीस. काचेच्या खोल्यांत लोक वाढदिवसाला येतात, फोटो काढतात आणि पुढल्या वाढदिवसापर्यंत तोंड दाखवत नाहीत; तिथे माणशी तीनशे साठ. एकूण कमाई अजूनही काचेच्या खोल्यांचीच मोठी आहे, हेही लपवत नाही. पण एकेका माणसाचं म्हणशील तर आपला सगळ्यात स्वस्त विभाग सगळ्यात वर. उत्तर आलं तेव्हा मी काउंटरवर अशी थाप मारली की जांभई दचकून जागे झाले. मग त्यांना सगळा हिशेब समजावला. त्यांना काही कळला नाही, पण त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

खरं तर पहिल्यांदा हे तुला सांगायचं होतं. इतका आनंद झाला होता, आणि ज्याला तो कळला असता तो एकच माणूस इथे नव्हता.

तुझा आकडा जागचा हलला नाही, हे वर मी सहज लिहून गेले. ते सहज लिहिलेलं नाही. तीन दिवस हे पत्र त्या वाक्यापाशी येऊन अडत होतं.

डिसेंबरात तू रोज संध्याकाळी तिन्ही विभागांच्या पेट्या मोजायचास. हॉलच्या पेटीत चिठ्ठ्यांपेक्षा पैसे जास्त निघायला लागले. कमी निघाले असते तर तू चोर शोधला असतास. जास्त निघाले म्हणून स्वतःची चूक शोधत बसलास. यंत्रदुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलंस, त्याने दोनदा खांदे उडवले.

ते पैसे मी टाकत होते, दादा. माझ्या पगारातले, रोज दोनशे, पाच आठवडे. हॉलचा आकडा वर चढला की तू भिंतीला हात लावणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं. हॉलमधली ती माणसं गेली तर क्लबात माझं काही उरणार नाही, हे तुला पटवायला मला शब्द सापडत नव्हते. तू आकड्यांशिवाय ऐकायचा नाहीस, म्हणून मी आकडाच बनवला.

आणि मग तो रविवार. तू जेवणाच्या टेबलावर बाबांपुढे आणि मामापुढे तक्ता मांडलास. मामाने पेटीतले पैसे विचारले. जुळेनात. तू पुन्हा बेरीज केलीस, तरी जुळेनात, आणि तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. बाबा हसून म्हणाले, "अरे, तुला घरच्या पेटीतले पैसे मोजता येईनात, आणि भिंती पाडायला निघालास?" मामाही हसला. सगळ्यात वाईट म्हणजे मीही हसले. तू तक्त्याची घडी घालून खिशात ठेवलीस, ताटातलं संपवलंस आणि आठ दिवसांत निघून गेलास. मी मूग गिळून बसले. आधी भीतीने, मग सवयीने.

हे सगळं मी परवा घरात सांगितलं. जिथे तुझं हसं झालं तिथेच, त्याच टेबलावर, मामाला मुद्दाम बोलावून. आई म्हणाली, "कार्टे." मामाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. बाबांनी विचारलं, "म्हणजे त्याचा तक्ता बरोबर होता?" मी हो म्हटलं. "पै न् पै?" पै न् पै, म्हटलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "पत्र तू लिही. मला ते जमायचं नाही. पण मी विचारलं होतं असं लिही." तर लिहिलं.

आता लिफाफा. तुझा अर्धा भाग त्या मोठ्या कंपनीला विकायचा कागद तू तिसऱ्यांदा पाठवलास. आधीचे दोन टपालात गहाळ झाले असं मी कळवलं होतं. ते दोन्ही माझ्या कपाटात आहेत, आता सगळं निघालंच आहे तर हेही. हा तिसरा सही करून सोबत परत पाठवते आहे. कंपनी पहिल्या महिन्यातच हॉल पाडेल, हे मला ठाऊक आहे. वरचे आकडे तू विकू नयेस म्हणून लिहिलेत का? हो, थोडे त्यासाठीही. पण तुला अडवून धरायचा माझा हक्क मी दोनशे-दोनशेने घालवून बसले आहे. सही खरी आहे, तारीखही घातली आहे.

तू परत यावास असं मला फार वाटतं. त्याचा या कागदाशी संबंध नाही, म्हणून वेगळं लिहिलं.

तुझ्या अचूक हिशेबात चूक घालणारी,
भिंगरी


१९ ऑगस्ट

भिंगरे,

अनेक आशीर्वाद, आणि समोर असतीस तर एक धपाटा.

आधी आकडे. तू पाठवलेल्या पानांवर "टोपीवाला" आणि "निळी टोपी" असे दोघं जण आहेत. ते दोघं नाहीत. तो एकच माणूस आहे, दाराजवळच्या यंत्रावर बसतो आणि त्याच्याकडे दोन टोप्या आहेत. मी असतानाही यायचा. म्हणजे हॉलमध्ये माणसं एकसष्ट, आणि माणशी पाचशे चाळीस नव्हे, पाचशे एकोणपन्नास. दुरुस्तीने तुझंच पारडं जड होतंय, तरी करतो. खेपा आणि माणसं यांचा घोळ मात्र माझा. ते यंत्र मी बसवलं होतं, आणि तू पुढे बारा काकांचं लिहिलंयस ते वाचून मी गोदामात एकटाच हसत उभा होतो. आईला म्हणावं, वही सोडू नकोस.

तुझी कबुली वाचली तेव्हा हसलो नाही. फार राग आला. अजून आहे. तू समोर आल्यावर एकदा मोठ्याने निघेल, त्याची तयारी ठेव, आणि मध्ये बोलू नकोस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. इथे मला हिशेबाच्या कामावर घेतलं होतं. दुसऱ्या महिन्यात मी साहेबांकडे जाऊन गोदामात बदली मागून घेतली. ज्याला घरच्या पेटीतले पैसे जुळवता येत नाहीत त्याने परक्यांचे कशाला मोजावेत, असं वाटायचं. गोदामात खोकी मोजायची असतात. मी मोजायचो, लिहायचो, पुन्हा मोजायचो. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचो आणि परत येऊन तिसऱ्यांदा मोजायचो. बरोबरचे लोक टिंगल करायचे. माझ्या डोक्यातलंच काहीतरी बिघडलंय असं मी धरून चाललो होतो, आणि हे कुणाला सांगणार? पैसे तुला परत देता येतील. हे सात महिने कुठल्या पेटीत टाकशील ते मला कळत नाही.

पण तू सांगितलंस. टेबलावर, मामाला बोलावून सांगितलंस. तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. त्या ओळी मी आज सकाळी पुन्हा वाचल्या.

बाबांनी विचारलं होतं, ते पोचलं. त्यांना सांग, पै न् पै.

तुझ्या सहीचा कागद खणात ठेवलाय. फाडलेला नाही, तेव्हा उगाच नाचू नकोस. विकायचं की ठेवायचं ते तिथे येऊन, आईच्या वहीपुढे बसून ठरवीन. काचेच्या खोल्यांबद्दलचं माझं म्हणणं अजून संपलेलं नाही. पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, गुरुवारी दुपारी पोचतो. तोवर भिंतीला कुणी हात लावू नका आणि पेटीत कुणी काही टाकू नका.

काल गोदामात तीनशे बारा खोकी आली. मोजली, वहीत तीनशे बारा लिहिलं, कुलूप लावलं आणि घरी आलो.

तुझा
दादा