हॅथोरच्या देवळामागची भिंत

एनस्खेडे, मे २०२०, गुरुवार संध्याकाळ

विमानं बंद, म्हणून आई अजून इथेच. आज तिच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून मी कॉम्प्युटरवर तयार केलेलं इजिप्तचं देऊळ दाखवलं. हॅथोर देवीचं, समोरून अगदी खरं. आईने हात जोडले आणि थेट प्रदक्षिणेलाच निघाली! मागची भिंत मी केलीच नव्हती. तिकडे कोण जातं? माझे प्रोफेसरसुद्धा कधी गेले नाहीत.

"अरे, मागे नुसता काळोख आहे!"

"मग हेडसेट काढ."

"प्रदक्षिणा अर्धवट सोडून?" जागची हलेना. मागची भिंत आत्ता कुठून आणू?

शेवटी तीच म्हणाली, "राहू दे, शंकराचं समजते. त्याला अर्धीच असते." आणि उलटी फिरली.

उद्या प्रोफेसरांना डेमो. काय सोपं पडेल? मागे भिंत बांधणं, की पुढे नंदी बसवणं?